मामा आणि भाचा, एका नावेत

चैत्र अर्धा सरला की अमरावतीच्या रस्त्यांच्या कडेला डांगरांचे ढीग लागतात. डांगर म्हणजे खरबूज. पुण्याकडच्या माणसांना डांगर म्हटलं की पापडाचं पीठ आठवतं, त्याला आमचा इलाज नाही. संध्याकाळी नांदगाव पेठेहून कंपनीची बस मला चौकात सोडते, तेव्हा दिवसभर तापलेल्या डांबराच्या वासातून तो गोड, जरासा उतरलेला वास अंगावर येतो आणि पाय आपोआप हळू पडतात. विकणारी बाई आता मला ओळखते. "घ्या ना भाऊ, साखरेवानी हाय," म्हणते. मी एखादं उचलतो, देठाजवळ नाक नेतो आणि खाली ठेवतो. एकट्या माणसाला एक डांगर संपत नाही. अर्धं कापून फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशी दुधालाही त्याचाच वास लागतो.

हा वास आला की मला तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो, आणि त्यातलाही एकच दिवस. बाकीच्या उन्हाळ्यात मी काय केलं ते विचाराल तर सांगता येणार नाही. कूलरमध्ये पाणी भरलं असेल.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या मार्गशीर्षात आई गेली. एका सकाळी ती उठलीच नाही. माझं लग्न झालेलं नाही. का, ते सांगण्यात मजा नाही. दोनदा जमता जमता राहिलं, एवढंच. त्यामुळे दोन खोल्यांत आम्ही दोघंच असायचो, आणि मग मी एकटा उरलो. माझं काम कापड तपासण्याचं. खालून उजेड असलेल्या काचेवरून कापड सरकत जातं, त्यातला तुटका धागा, गाठ, डाग हेरायचा आणि तिथे खूण करायची. आठ तास कोणाशी बोलावं लागत नाही. पूर्वी या कामाचं मला बरं वाटायचं. आई गेल्यावर लक्षात आलं की काही काही दिवशी माझ्या तोंडून उठल्यापासून झोपेपर्यंत दहा शब्दही जात नाहीत, आणि त्यातले चार "चिल्लर नाही का दादा" हे असतात.

माझं म्हणावं असं माणूस एकच उरलं होतं, नामदेवमामा. आईपेक्षा चार वर्षांनी लहान. तेल्हारा तालुक्याच्या खालच्या टोकाला, पूर्णा नदीच्या काठी त्याचं गाव. मामी कधीच गेली, मूलबाळ नाही. त्याची काळी जमीन थोडी, त्यात तो पट्टा खारपाण्याचा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून दिवाळीनंतर पाणी ओसरलं की मामा नदीच्या वाळूत चर खणतो, त्यात शेणखत भरतो आणि डांगर-टरबुजाची वाडी लावतो. पाऊस आला की वाडी नदीची. पुढच्या वर्षी पुन्हा नवी वाळू, नवे चर.

हा मामा आईच्या मातीला आला, स्मशानात निंबाखाली लांब उभा राहिला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेला. तेरवीला आलाच नाही. आमच्याकडे तेरवीला मामाने भाच्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची असते. ती ठेवली की दुखवटा संपला. माझ्या डोक्यावर एका लांबच्या काकांनी ठेवली. त्यांचा दोष नाही, पण ती टोपी माझ्या कानांवर उतरत होती आणि पंगतीत बसलेल्या सगळ्यांना कळत होतं की ह्याचा मामा आलेला नाही. त्यानंतर मी किती फोन केले. वाजून वाजून बंद व्हायचे. गावातल्या एकाकडून कळायचं की मामा धडधाकट आहे, वाडीवरच असतो. म्हणजे आजारी नव्हता. फक्त माझा फोन घेत नव्हता.

बहीण गेली की भाचा कोण, असं त्याने मनात धरलं असेल का? लोक धरतात. आई गेल्यावर मामा मामाच राहतो की नाही, एवढंच मला जाऊन बघायचं होतं.

निमित्त आखाजीचं झालं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांची घागर भरतात आणि गेलेल्या माणसाच्या नावाने कोणाला तरी जेवू घालतात. आईची पहिली आखाजी. घागर भरली, तिच्यावर डांगर ठेवलं, पुरणपोळ्या हॉटेलातून आणल्या, आणि जेवायला बोलवायला मला माणूस सुचेना. शेजारचे गावी गेलेले. शेवटी मीच ताटावर बसलो आणि आईच्या नावाचं मीच जेवलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने अकोल्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीने पूर्णेच्या पुलापर्यंत गेलो. पुढे मामाच्या गावाला डांबरी रस्ता आहे. पण रस्त्याने ऑटोत बसून गेलो तर अर्ध्या तासात पोचलो असतो, आणि खरं सांगायचं तर इतक्या लवकर पोचायची माझी छाती नव्हती. मी पुलाखाली उतरलो आणि नदीच्या पात्रातून वर चालू लागलो.

पूर्णा उन्हाळ्यात अशी सलग नदी राहत नाही. मैल-दीड मैल नुसती वाळू, मग एखादा डोह, मग पुन्हा वाळू. दोन्ही अंगांना काळ्या मातीच्या उभ्या दरडी, दोन-दोन पुरुष उंच, पावसाने चिरून घळी पडलेल्या. खाली पात्रात उतरलं की गाव, शेत, रस्ता सगळं दिसेनासं होतं, आवाजसुद्धा वरच राहतो. नऊ वाजताच वाळू चटके देऊ लागली. मी डोक्याला दुपट्टा बांधला होता, खांद्याला झोळी, झोळीत कालच्या पोळ्या आणि पाण्याची बाटली. टिटवीचं एक जोडपं माझ्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होतं. त्यांची अंडी वाळूत कुठेतरी असणार, आणि मी त्यांच्या मते चोर होतो. मी त्यांना म्हटलं, बाई, मी तुमच्या घरचा नाही, मी पुढे चाललो आहे. मोठ्याने म्हटलं. आपण पाखरांशी बोलतो आहोत हे कळल्यावर मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तिथे डोळे पुसायची घाई नव्हती, म्हणून रडलो थोडा वेळ, चालता चालताच.

एका वळणावर एक म्हातारी झिऱ्यावर पाणी भरत बसली होती. झिरा म्हणजे वाळूत कोपरभर खोल उकरलेला खड्डा. खाऱ्या मुलखात गोडं पाणी मिळतं ते तिथेच. ती करवंटीने साचलेलं पाणी बाहेर फेकत होती.

"काहून बाप्पा, एवढ्या उनात? जीवगीव जड झाला काय?" तिने विचारलं.

"नाही आजी. वाडीवर चाललो. पाणी देता काय थोडं?"

"थांब. शिळं फेकू दे. नवं झिरपते तवर बस." ती पुन्हा उपसायला लागली. "कोनाचा तू?"

कोणाचा? बाप मी पाचवीत असताना गेला, आई गेली. "नामदेवचा भाचा," मी म्हटलं.

"वाडीवाल्या नामदेवचा? मंग तसं सांग ना." तिने नवं पाणी माझ्या ओंजळीत घातलं. "यंदा लय चुपचाप झाला तुवा मामा. कोनासंगं बोलत नाही. बरं झालं तू आला."

पाणी थंड होतं, वाळूचा वास असलेलं. मी तीनदा ओंजळ पुढे केली. तिच्या लेखी मी अजून नामदेवचा भाचा होतो. स्वतः नामदेव काय म्हणतो, ते अजून दोन-तीन मैल लांब होतं.

दुपारी डोह लागला. तो चांगला अर्धा मैल लांब आहे आणि तिथे दरडी थेट पाण्यात उतरतात, काठाने चालायला जागा नाही. मामाची वाडी डोहाच्या वरच्या टोकाला, पलीकडच्या अंगाला. खालच्या टोकाला मासे धरणाऱ्यांचे तराफे बाभळीला बांधलेले असतात. ज्याला लागेल त्याने न्यावा आणि काठाला कुठेही नीट बांधून ठेवावा, अशी तिथली रीत. तराफा म्हणजे थर्माकोलचे जाड ठोकळे खताच्या पोत्यांत शिवून, दोरीने आवळून केलेली चीज. वर मांडी घालून बसायचं आणि दोन हातांत जेवणाच्या दोन जुन्या ताटल्या धरून पाणी मागे लोटायचं. पाहणाऱ्याला वाटावं माणूस पाण्याला जेवायला वाढतो आहे.

मला हे चांगलं येतं, कारण मी लहानपणापासून एकटाच वल्हवत आलो आहे. मामा आणि भाच्याने एका नावेत बसायचं नसतं. हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. का, ते कोणी सांगत नाही. नाव बुडते म्हणतात. सुट्टीत आम्ही आलो की मामा आधी आईला डोंग्यातून, म्हणजे कोरलेल्या लाकडाच्या छोट्या नावेतून, पलीकडे सोडायचा, मग परत येऊन डोंगा माझ्या ताब्यात द्यायचा आणि स्वतः शेजारून पोहत यायचा. मी एकटा डोंग्यात, राजासारखा, आणि माझ्या बाजूने पाण्यातून मामाचं डोकं. मी घाबरलो तर एक हात डोंग्याच्या काठाला लावायचा, पण वर चढायचा नाही. पलीकडे आई पदराने ऊन आडवत हसायची. "तुह्या मामाले सापाची भीती नाही, इच्चूची नाही, भाच्याची हाय," म्हणायची.

त्या दिवशी डोहाच्या मधोमध मी ताटल्या थांबवल्या. वारा पडला होता. पाणी हिरवं, जाड. माझ्या डाव्या बाजूला, जिथे मामाचं डोकं असायचं, तिथे मी दोनदा पाहिलं. पन्नाशीच्या माणसाने असं पाहावं हे हास्यास्पद आहे, पण पाहिलं. मला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. घरात एकटेपणाला निदान भिंती असतात, पंख्याचा आवाज असतो. इथे मी ओरडलो असतो तर दरडीने माझाच आवाज मला परत दिला असता. परत फिरावं असंही वाटलं. मामाने तोंड फिरवलं तर मग जगात मला कोणाचा म्हणून सांगायला जागा राहणार नव्हती. न गेलो तर निदान शंका तरी राहिली असती. ऊन मानेवर असह्य झालं तेव्हा मी पुन्हा वल्हवायला लागलो.

मामा वाडीत वाकून वेलांवर पराट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पसरत होता. मला त्याने लांबूनच पाहिलं असणार, कारण डोहात दुसरं काही हलत नव्हतं. पण मी तराफा वाळूवर ओढून त्याच्यासमोर जाईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"आला काय," तो म्हणाला.

"आलो."

"पानी पे."

त्याने खोपीत नेलं, पाणी दिलं, एक डांगर कापलं, बिया बोटांनी काढल्या, साखर भुरभुरली आणि माझ्यापुढे ठेवलं. पूर्वी तो वाडीतलं सगळ्यात गोड डांगर वासावरून शोधून माझ्यासाठी पाल्यात झाकून ठेवायचा. हे तसलंच होतं. मी खात होतो आणि तो माझ्याकडे न बघता दोरीची गाठ सोडवत होता. मामा फार वाळला होता. मला राग आला. इतक्या गोड डांगराचा आणि इतक्या अबोल्याचा मला मेळ लागेना.

"मामा, तेरवीले काहून नाही आला तू?"

तो गाठच सोडवत राहिला.

"फोन काहून नाही उचलत? आई गेली म्हणजे मीबी गेलो काय तुयासाठी?"

"कोन्या तोंडानं येऊ?" तो म्हणाला. गाठ सुटली, दोरी त्याने खाली टाकली. मग म्हणाला, "आपन बसलो ना एका नावेत."

मला खरंच आठवेना. "कवा?"

"गेल्या वैशाखात. तू मले घ्याले आला व्हता तवा."

मग आठवलं. आदल्या उन्हाळ्यात आईच्या छातीत दुखलं होतं, तिला अकोल्यात दवाखान्यात ठेवलं होतं, आणि ती भावाची आठवण काढत होती म्हणून मी मामाला आणायला गेलो होतो. शेवटची गाडी चुकायची वेळ. काठाला तराफा एकच. मामा म्हणाला, तू जा, मग मी येतो. मी म्हटलं होतं, "मामा, ही काय नाव हाय? हा थर्माकोल हाय, टीव्हीच्या खोक्यातला. थर्माकोलले कायचा नियम?" आणि त्याचा हात धरून त्याला बसवलं होतं. गुडघ्याला गुडघा लावून आम्ही पलीकडे गेलो, पाणी कंबरेपर्यंत. मामाने डोळे मिटून घेतले होते आणि मी हसत होतो. दवाखान्यात ही गंमत मी आईला सांगितली. तीही हसली, खोकला येईपर्यंत. नंतर ती बरी होऊन घरी आली, आणि मी तो तराफा पार विसरून गेलो.

"तू म्हनला थर्माकोल हाय," मामा सांगत होता. "म्याबी मनाले समजावलं, थर्माकोलच हाय. पन पान्याले काय समजते थर्माकोल अन् लाकूड? पान्यानं दोघं मोजले. आपन पोहनारे, आपल्याले ते काय करीन? जिच्यापायी मी मामा अन् तू भाचा, तिलेच नेलं त्यानं."

मी त्याला समजावू लागलो. रक्तवाहिन्या, डॉक्टर काय म्हणाले, ती गोळ्या कशा चुकवायची, वय. तो मान हलवत ऐकत होता. सगळं खरं असेल, पण ते त्याच्या कामाचं नव्हतं. काचेवर कापड सरकताना एकदा तुटका धागा सापडला की मी पुढचं शोधत नाही, तिथे खूण करतो. मामाला त्याचा धागा सापडला होता.

"अन् आता तू एकटा राह्यला," तो म्हणाला. "तुले काही झालं तं? म्हनून लांब राह्यलो. मी लांब राहीन तं तुले काही होनार नाही."

माझा संताप झाला, आणि त्याच क्षणी तो माझ्यावरच उलटला. त्याला ओढून बसवणारा मी. हसणारा मी. विसरून जाणाराही मीच. आणि हा माणूस सहा महिने या वाळूत बसून माझी चूक स्वतःच्या अंगावर झेलत होता, वर मला वाचवत होता. मला कापडातली गाठ दहा हातांवरून दिसते, आणि हे इतके दिवस दिसलं नव्हतं. या कामात माझ्याइतका हुशार माणूस कंपनीत दुसरा नाही म्हणतात.

"मले एकटं टाकून वाचवत व्हता काय?" मी म्हटलं. आवाज चढला होता. "रोज घरी जातो तं कुलूप उघडतो, मामा. बोलाले कोनी नाही. असं वाचून काय करू?"

"एकटा तं मीबी व्हतो," मामा म्हणाला, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग त्याने डोक्यावरचा दुपट्टा काढून तोंडावर धरला आणि लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याची समजूत बदलणं माझ्या हातात नव्हतं. चूक माझी होती, एवढं मी त्याला सांगितलं, आणि ते त्याने मानलं नाही.

"फोन उचलशीन?" मी विचारलं.

"उचलीन. पन त्या दिवसाचं काढजो नको."

या गोष्टीचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. नियम खरा की खोटा, हा माझा प्रश्नच राहिला नाही. मला एवढं कळलं की ज्या माणसाने माझ्यासोबत बसणं म्हणजे जिवाशी खेळ मानलं, तो माझा कोणी लागत नाही असं मी सहा महिने धरून बसलो होतो. परक्या माणसाबरोबर कोणीही कोणत्याही नावेत बसतं. त्याची भीती वाटायला नातं लागतं.

उन्हं उतरली. पलीकडच्या काठावरून वीस मिनिटं चाललं की मोड, म्हणजे रस्त्याचा फाटा, तिथे संध्याकाळची गाडी मिळते. मी तराफा पाण्यात लोटला आणि सवयीने म्हटलं, "चल ना मामा मोडापर्यंत. मी आधी पलीकडे जातो, मग तुले घ्याले... नाही, तूच मग एकटा ये."

"गाडी जाईन तुयी. तू जाय. तिकडं बाभळीले बांध, जाळेवाले नेतीन."

त्याने माझ्या झोळीत दोन डांगरं घातली. मी ताटल्या हातात घेऊन बसलो. मागे पाण्याचा आवाज आला म्हणून वळून पाहिलं तर मामा धोतर खोचून पाण्यात उतरत होता. सत्तरी ओलांडलेली, पोहणं कधीच सुटलेलं. गुडघाभर, मग कंबरभर, मग छातीपर्यंत आला आणि तिथे थांबला. मी ओरडलो, बाहेर हो म्हणून. त्याने ऐकलं नाही. मी जसजसा लांब गेलो तसतसं पाण्यावर फक्त त्याचं डोकं आणि पांढरा दुपट्टा दिसत राहिला. मी पलीकडे लागलो, तराफा बांधला, दरडीच्या घळीतून वर चढून उभा राहिलो. तो अजून पाण्यातच होता.

"पोचला काय रे?" त्याने हाक दिली.

आई गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"पोचलो," मी ओरडलो. त्याने हात वर केला, म्हणजे त्याला ऐकू गेलं होतं. तरी मी पुन्हा ओरडलो, "पोचलो, मामा."